भूगर्भाचा ताळेबंद

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास मुलुगू जिल्ह्यात ५.३ परिमाणाचा भूकंप झाला. आमच्या गल्लीत कोणाला भांडी वाजल्यासारखी वाटली, कोणाला काहीच कळले नाही. पण माझी आजी ती रात्र थंडीत अंगणात झोपली. तिचे माहेर उमरगा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तिच्या माहेरची माणसे गेली. “भूकंपाचे केंद्र ४० किलोमीटर खोल होते असे छापून आले आहे,” असे मी तिला सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “जमिनीच्या पोटातलं कुणी बघितलंय रे?”

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंतचा. तरी आजीच्या प्रश्नाचे उत्तर शोधावेसे वाटले.

पृथ्वीचे केंद्र आपल्या पायाखाली सुमारे ६,३७१ किलोमीटरवर आहे. माणसाने आजवर खोदलेले सर्वांत खोल विवर रशियातील कोला येथील. ते जेमतेम १२ किलोमीटर. मग खालचे कळते कसे? हिशेबतपासनीस प्रत्येक व्यवहाराच्या वेळी हजर नसतो. तो नोंदींवरून व्यवहार ओळखतो. भूगर्भाच्या बाबतीत ह्या नोंदी भूकंपलहरी करतात.

भूकंप झाला की मुख्यतः दोन प्रकारच्या लहरी पृथ्वीच्या आतून निघतात. प्राथमिक लहरी खडकाला दाबत व सैल करीत जातात; त्यांचा वेग कठीण खडकात सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर असतो. दुय्यम लहरी खडकाला आडव्या हलवतात व मागून येतात. एकाच गावाहून एक जण सायकलवर व दुसरा पायी निघाला, तर दोघांच्या पोहोचण्यातील अंतरावरून गाव किती लांब ते सांगता येते. तसेच येथे. दोन लहरींत २५ सेकंदांचा फरक पडला, तर त्याला ८ ने गुणावे. भूकंप सुमारे २०० किलोमीटरवर झाला. अशा तीन-चार ठिकाणच्या नोंदी जुळविल्या की केंद्र सापडते.

पण लहरी याहून अधिक सांगतात. खडक बदलला की त्यांचा वेग बदलतो. त्या वाकतात किंवा परत फिरतात. शिवाय दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या ओल्डहॅम ह्यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास केला आणि पुढे १९०६ मध्ये, लहरींच्या नोंदींवरूनच, पृथ्वीला गाभा असल्याचे दाखविले. १९३६ मध्ये इंगे लेहमान ह्या विदुषीने त्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचे सांगितले. आज आपण जाणतो की बाहेरचा गाभा द्रवरूप व आतला घनरूप आहे. तेथे कोणीही गेलेले नाही.

भूकंपाची वाट पाहण्याचीही गरज नाही. जमिनीत छिद्रे पाडून सुरुंग उडवायचे, रांगेने मांडलेल्या यंत्रांवर परतणाऱ्या लहरी टिपायच्या, अशी पद्धत आहे. १९६१ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९७२ पासून आंध्रातील कावली ते कर्नाटकातील उडुपी अशा सुमारे ६०० किलोमीटरच्या रेषेवर हे काम केले. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना सांगण्यासारखी गोष्ट ही, की त्या प्रदेशाखाली कवच साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड असल्याचे त्यातून समजले. पुढे कोयनेच्या परिसरातही अशा रेषा घेण्यात आल्या. कारण ११ डिसेंबर १९६७ च्या तेथील भूकंपात सुमारे दोनशे माणसे दगावली होती.

लहरींचा हिशेब विवर खोदून पडताळताही येतो. कोयना भागात २०१७ मध्ये पुऱ्या झालेल्या ३ किलोमीटर खोल विवरात सुमारे सव्वा किलोमीटर काळा खडक लागला, मग ग्रॅनाइट. किल्लारीला तोच काळा खडक सुमारे ३४० मीटरवर संपला. आपल्या आदिलाबादच्या कापसाच्या काळ्या जमिनीखालीही बऱ्याच भागात हाच खडक आहे. वरून जमीन सारखी दिसते, आतला हिशेब मात्र जागोजागी वेगळा.

याचा उपयोग काय? भूकंपाची तारीख व वेळ कोणतेही शास्त्र आज सांगू शकत नाही. तशा अफवा उठल्या तर विश्वास ठेवू नये. मात्र कोठे भेगा आहेत, कोठे धोका अधिक, हे ह्या अभ्यासातून कळते. किल्लारीचा प्रदेश स्थिर समजला जात होता, आणि तेथील जाड दगडमातीच्या भिंती व जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. जमीन हलणे आपल्या हाती नाही. घर कसे बांधावे हे आहे.

हे सारे मी आजीला वाचून दाखविले. ती ऐकत राहिली. मग आमच्या मागच्या खोलीच्या जुन्या दगडी भिंतीकडे बघून म्हणाली, “ही आधी उतरवून घ्या.” येत्या उन्हाळ्यात ते काम आम्ही काढणार आहोत.