गिटारच्या आवाजात धातूचा वाटा

१९५५ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅलमझू शहरात, गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीत, अभियंते सेथ लव्हर एका झाकणापाशी अडले होते. विजेची घरघर मारणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप त्यांनी तयार केला होता आणि बाहेरचा विद्युत-गोंगाट अडवायला त्यावर धातूचं झाकण हवं होतं. स्टेनलेस स्टील गुणाने उत्तम, पण त्यावर सोल्डर धरेना. शेवटी त्यांनी जर्मन सिल्व्हर निवडलं. आपल्याकडे भांड्यांमुळे ओळखीच्या असलेल्या या धातूत चांदी औषधालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल एवढंच.

मग स्वस्त, सहज मिळणारं पितळ का नको? पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात वीज उमटते. पण तेच हलतं क्षेत्र झाकणाच्या पत्र्यातही भोवऱ्यासारखे प्रवाह उठवतं आणि ते मूळ बदलालाच विरोध करतात. कंपन जितकं जलद तितका विरोध मोठा, म्हणून पहिला मार बसतो तो स्वराच्या वरच्या, धारदार भागाला. पितळेतून वीज जर्मन सिल्व्हरच्या तिप्पट-चौपट सहज वाहते. त्यामुळे पितळी झाकणाखालचा पिकअप तोंडावर पदर धरून बोलल्यासारखा वाटतो. दोन्हींवर निकेलचा मुलामा असला की डोळ्यांना फरक कळत नाही. कानांना कळतो. लाकडाच्या जातींवर तासन् तास वाद घालणाऱ्यांनी या अर्धा मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्याकडे आधी बघावं, असं मला मनापासून वाटतं.

आता फेंडरची स्ट्रॅटोकॅस्टर घ्या. तिचं मागचं झाकण काढलं की स्प्रिंगा अडकवलेला धातूचा ठोकळा दिसतो. तो ब्रिजचाच, म्हणजे तारांच्या खालच्या आधाराचा, भाग. सहाही तारा त्यातूनच वर गेलेल्या असतात. १९५४ पासून तो पोलादाचा होता, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव आला. साधं चुंबक लावून बघा: पोलादाला चिकटतं, जस्ताला नाही. तारेतलं कंपन ब्रिजवर आपटून परत फिरतं. ब्रिज जड आणि ताठ असेल तर कमी गळतं, स्वर जास्त टिकतो. पोलादाचं वजन घन सेंटीमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम, त्या मिश्रधातूचं ६.६ च्या आसपास. म्हणजे फरक आहे, पण झाकणाएवढा नाही.

त्याहून महत्त्वाची ती जागा, जिथे तार ब्रिजवरच्या सॅडलवर टेकते. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढणाऱ्या मिरजेच्या कारागिराला हे वेगळं सांगावं लागणार नाही. सॅडलच्या खाचेत बारीकसं कुसळ राहिलं तरी तार झणझणते, मग ते पितळी असो की पोलादी.

धातू सुरावरही उठतो. १९३२ मध्ये बाजारात आलेली रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं, त्यामुळे रंगमंचावरच्या दिव्यांखाली ती बेसूर व्हायची. १९३५ मध्ये कंपनीने बेकेलाइटची गिटार आणली.

राहिला नट, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी. हाडाचा की पितळेचा, यावर खर्च करण्यापूर्वी एवढं लक्षात घ्या: तार फ्रेटवर दाबली की तिचं टोक म्हणजे तो फ्रेट. नटचा धातू ऐकू येतो तो फक्त मोकळ्या तारेवर.