दुभाषा हरवला की यंत्र मुके होते

दहावीची प्रवेशपत्रे शाळेने मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायची, छापायची आणि मुख्याध्यापकांची सही व शिक्का करून विद्यार्थ्यांच्या हाती द्यायची, ही पद्धत आता रूढ झाली आहे. नेमक्या अशा वेळी प्रिंटर अडून बसला, तर शाळेत काय धावपळ उडते ते शिक्षकांना सांगायला नको. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात, इस्लापूरसारख्या गावात ही अडचण आणखी मोठी होते. दुरुस्ती करणारा गाठायचा तर किनवटची नाहीतर नांदेडची वाट धरावी लागते आणि त्यात दिवस मोडतो. एवढे करून कित्येकदा उत्तर मिळते, 'यंत्राला काही झालेले नाही, ड्रायव्हर गेला होता.'

हा ड्रायव्हर म्हणजे काय? तो 'जातो' म्हणजे नेमके काय होते? आणि तो शाळेतच, सुरक्षितपणे, परत कसा बसवता येईल? क्रमाने पाहू.

दोन भाषा, एक दुभाषा

किनवट भागातल्या शिक्षकांना ही गोष्ट समजायला फार दूर जावे लागणार नाही. पहिलीच्या वर्गात घरी गोंडी, कोलामी, बंजारा किंवा तेलुगू बोलणारी मुले येतात. शिक्षक मराठीत म्हणतात, 'पाटी काढा', आणि एखादे मूल नुसते पाहत राहते. ते मूल बहिरे नसते की मंद नसते. दोन्ही भाषा जाणणारा कोणी शेजारी बसला, की तेच मूल लगेच पाटी काढते.

संगणक आणि त्याला जोडलेली यंत्रे यांचे असेच आहे. प्रिंटर, स्कॅनर, ध्वनीचे कार्ड, वाय-फाय, बोटाचा ठसा घेणारे उपकरण या प्रत्येकाची आज्ञा घेण्याची रीत वेगळी. विंडोजला या सगळ्या रीती पाठ असणे शक्य नाही. म्हणून यंत्र तयार करणारी कंपनी यंत्राबरोबर एक छोटी आज्ञावली देते. विंडोजची आज्ञा ती यंत्राच्या भाषेत सांगते आणि यंत्राचे उत्तर विंडोजला कळवते. हाच ड्रायव्हर. 'ड्रायव्हर' म्हणजे चालक असला, तरी त्याचे काम दुभाष्याचेच आहे.

डॉसच्या काळात प्रत्येक लेखन-आज्ञावलीला आपापले दुभाषे स्वतःच बाळगावे लागत. विंडोजने ही जबाबदारी आपल्याकडे घेतली, त्यामुळे एकदा ड्रायव्हर बसवला की सर्व आज्ञावल्यांना तो उपयोगी पडू लागला. पुढे १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ मध्ये 'प्लग अँड प्ले' ही सोय आली. यंत्र जोडताच संगणकाने त्याला ओळखावे आणि योग्य ड्रायव्हर स्वतः शोधावा, अशी ही कल्पना.

जोडल्याबरोबर काय घडते?

यूएसबीची तार खोचली, की संगणक पहिला प्रश्न विचारतो, 'तू कोण?' यंत्र उत्तरादाखल दोन क्रमांक सांगते. एक उत्पादकाचा आणि दुसरा त्या नमुन्याचा. प्रत्येक क्रमांक चार चिन्हांचा असतो आणि ही चिन्हे ० ते ९ व ए ते एफ अशा सोळांमधली असतात. म्हणजे १६ × १६ × १६ × १६ = ६५,५३६ वेगवेगळे क्रमांक होऊ शकतात. सोळा पायाच्या संख्यापद्धतीचे हे उत्तम व्यवहारातले उदाहरण आहे.

विंडोज हे क्रमांक आपल्या संग्रहातल्या ड्रायव्हरांच्या यादीशी पडताळून पाहते. जुळणी झाली तर काम सुरू होते. न झाली तर यंत्र जोडलेले असूनही मुके राहते.

मग माउस किंवा पेन ड्राइव्ह कोणत्याही संगणकावर लगेच कसे चालतात? आठवडी बाजारात भाव विचारण्यापुरते चार शब्द सगळ्यांनाच येतात, तसे आहे. कळफलक, माउस, पेन ड्राइव्ह यांच्यासाठी सर्व उत्पादकांनी एक समान भाषा मान्य केली आहे आणि तिचा दुभाषा विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. बऱ्याच प्रिंटरांची बोली मात्र आपापली असते.

ही बोली चुकली, की तिचे लक्षण कागदावर दिसते. भलताच ड्रायव्हर निवडला तर प्रिंटर पानेच्या पाने अगम्य चिन्हांनी भरून टाकतो. मराठीसाठी तर आणखी एक बारकावा आहे. साध्या प्रिंटरच्या स्मृतीत देवनागरी अक्षरे नसतात, त्यामुळे ड्रायव्हर मजकुराचे ठिपक्यांचे चित्र करून पाठवतो. विंडोजमधला 'फक्त मजकूर' छापणारा सर्वसाधारण ड्रायव्हर असे चित्र करत नाही. त्यामुळे इंग्रजी नीट छापले जाते आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा कचरा उमटतो. असे दिसले तर दोष प्रिंटरचा नाही आणि फॉन्टचाही नाही.

आधी निदान, मग औषध

ड्रायव्हर शोधायला निघण्यापूर्वी साध्या गोष्टी तपासाव्यात. यंत्राला वीज मिळते का? तार दुसऱ्या खाचेत लावून पाहिली का? तीच तार वापरून यंत्र दुसऱ्या संगणकावर चालते का? मोबाइल चार्ज करण्याच्या काही स्वस्त तारांमध्ये फक्त विजेचे वाहक असतात, माहितीचे नसतात. अशा तारेने यंत्रावरचा दिवा लागतो, पण संगणकाला यंत्राचा पत्ताच लागत नाही.

त्यानंतर 'स्टार्ट'च्या चित्रावर माउसची उजवी कळ दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावे. येथे संगणकातल्या सर्व यंत्रांची यादी असते. ज्याच्यावर पिवळे उद्गारचिन्ह आहे, तो आपला रुग्ण. त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये एक कोड दिलेला असतो आणि तो डॉक्टरच्या चिठ्ठीइतकाच महत्त्वाचा असतो.

कोड २२ म्हणजे यंत्र कोणीतरी बंद करून ठेवले आहे. ते नुसते चालू करायचे. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कोड १० म्हणजे यंत्र सुरू होऊ शकलेले नाही. येथे ड्रायव्हर चुकीचा असू शकतो, तसाच यंत्रातही दोष असू शकतो. कोड ४३ म्हणजे यंत्राने बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवले. अशा वेळी तार आणि यंत्र दोन्ही पुन्हा तपासावीत. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरवरच्या डिजिटल सहीची खात्री पटलेली नाही.

यादीत 'अननोन डिव्हाइस' एवढेच दिसत असेल तर? त्याच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'डिटेल्स' या भागात 'हार्डवेअर आयडी' निवडावे. तेथे मघाचे दोन क्रमांक लिहिलेले असतात. आतल्या कार्डांसाठी उत्पादकाचा क्रमांक 'व्हीईएन' या अक्षरांपुढे आणि यूएसबीच्या यंत्रांसाठी 'व्हीआयडी' या अक्षरांपुढे असतो. 'व्हीईएन'पुढे ८०८६ असेल तर यंत्र इंटेलचे. १९७८ साली बाजारात आलेल्या आपल्या प्रसिद्ध चिपचाच आकडा इंटेलने ओळखक्रमांक म्हणून घेतला आहे. १०ईसी असेल तर रिअलटेकचे. नाव नसलेल्या यंत्राचेही कूळ असे शोधता येते.

संगणकाची स्वतःची ओळखही हवी. 'सेटिंग्ज'मधील 'सिस्टिम' आणि त्यातील 'अबाउट' येथे विंडोजची आवृत्ती आणि ती ३२ बिटची आहे की ६४ बिटची, हे कळते. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही. 'डाऊनलोड केला, पण बसत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

कोठून घ्यावा आणि कोठून घेऊ नये

सर्वप्रथम 'विंडोज अपडेट' चालवावे आणि त्यातील ऐच्छिक अपडेट पाहावेत. पुष्कळ ड्रायव्हर तेथेच मिळतात. न मिळाल्यास संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर नमुन्याचा क्रमांक देऊन शोधावे. तेथेही नसल्यास यंत्राच्या उत्पादकाकडे जावे. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारा दुवा बहुधा जाहिरातीचा असतो, हे लक्षात ठेवावे. 'तुमचे सर्व ड्रायव्हर एका झटक्यात फुकट दुरुस्त करू' म्हणणाऱ्या आज्ञावल्यांपासून तर दूरच राहावे.

एवढी सावधगिरी का? कारण अनेक ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात काम करतात. साधी आज्ञावली बिघडली तर ती एकटी बंद पडते. गाभ्यातला ड्रायव्हर बिघडला तर निळा पडदा दाखवून सारा संगणकच थांबतो. १९ जुलै २०२४ रोजी जगाने याचा अनुभव घेतला. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीची आज्ञावली ड्रायव्हरच्या रूपाने विंडोजच्या गाभ्यात चालत होती. तिला त्या दिवशी एक सदोष फाइल मिळाली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातही काही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. हा निव्वळ प्रमाद होता. मुद्दाम घुसवलेल्या ड्रायव्हराच्या हाती हीच सत्ता गेली तर काय होईल, याची कल्पना करता येते.

म्हणूनच विंडोज व्हिस्टाच्या ६४ बिट आवृत्तीपासून गाभ्यातल्या ड्रायव्हरवर डिजिटल सही सक्तीची झाली. ती तपासणी बंद करून ड्रायव्हर बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

बसवताना

इस्लापूरसारख्या ठिकाणी एक पेच नेहमी पडतो. वाय-फाय किंवा नेटवर्कचाच ड्रायव्हर नसेल, तर इंटरनेट नाही. आणि इंटरनेट नाही, तर ड्रायव्हर नाही. यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. दुसऱ्या संगणकावर फाइल उतरवून पेन ड्राइव्हने आणावी, किंवा अँड्रॉइड मोबाइल तारेने जोडून त्यावर 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये सहसा आधीच असतो.

संपर्क मध्येच तुटला तर फाइल अर्धवट उतरते आणि बसवताना चूक दाखवते. संकेतस्थळावर दिलेला आकार आणि उतरलेल्या फाइलचा आकार ताडून पाहावा. फाइल 'झिप' असेल तर आधी उलगडून घ्यावी. बसवण्यापूर्वी 'रिस्टोअर पॉइंट' तयार करावा. यूएसबी प्रिंटरच्या बाबतीत सूचना नीट वाचाव्यात, कारण पुष्कळदा पडद्यावर सांगितल्यानंतरच तार जोडायची असते. नव्या ड्रायव्हरने काम आणखी बिघडले, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' वापरून जुना परत आणता येतो.

कधी कधी ड्रायव्हर ठीक असूनही प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो. झाडलोट करताना तार एका खाचेतून काढून दुसरीत लावली गेली असेल, तर विंडोज त्याच प्रिंटरला नवा समजून 'कॉपी १' नावाने दुसरी नोंद करते. आपण छापण्याची आज्ञा जुन्या नोंदीला देत राहतो. तार पूर्वीच्या खाचेत लावावी, किंवा नवी नोंद नेहमीसाठी निवडावी.

जेथे उपाय थांबतात

उत्पादकाने जुन्या यंत्रासाठी नवा ड्रायव्हर काढलाच नाही, असेही होते. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. संगणक नवा झाला आणि प्रिंटर जुनाच राहिला, तर ही गाठ पडते. अशा वेळी प्रिंटर भंगारात काढण्यापूर्वी विचार करावा. शाळेतला एखादा जुना संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ छपाईसाठी ठेवता येतो. मजकूर पीडीएफ करून पेन ड्राइव्हने तेथे न्यायचा.

वर्गात करून पाहा

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांचे गट करून प्रत्येकाने एका संगणकाची 'आरोग्यपत्रिका' तयार करावी. विंडोजची आवृत्ती, ३२ की ६४ बिट, संगणकाचा नमुना, पडदा, ध्वनी व नेटवर्क यांचे हार्डवेअर आयडी आणि प्रिंटर कोणत्या खाचेत आहे, एवढे त्यात लिहावे. संगणक चालू आहेत तोवर लागणारे ड्रायव्हर उतरवून एका पेन ड्राइव्हमध्ये जपून ठेवावेत. ही पत्रिका संगणकाच्या बाजूला चिकटवलेली असेल, तर प्रवेशपत्रांच्या हंगामात नांदेडची फेरी वाचेल. शिवाय यंत्र मुके झाले की त्याला मेलेले समजायचे नाही, त्याची भाषा कोणती ते आधी विचारायचे, ही सवय मुलांना लागेल.