शाळेसमोरची वाहनं मोजायची कशी?

आज शाळेसमोरचा रस्ता घेऊ या. पालकसभेत एक तक्रार हमखास ऐकू येते, "गाड्या फार जोरात जातात हो." तक्रार खरीच असते. पण जोरात म्हणजे किती? कुठल्या वेळी? कुठल्या गाड्या? हे सांगता आलं नाही तर वॉर्ड ऑफिसला दिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. म्हणून आज आपण मोजणीबद्दल बोलणार आहोत, तीही त्या रस्त्यावर राहणाऱ्या लोकांनी स्वतः केलेल्या.

आधी वेगाचं बघू. समजा रस्ता कोरडा आहे, ब्रेक चांगले आहेत, आणि चेंडूमागे धावणारं पोर दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत १ सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी साधारण १३ मीटरवर थांबते. ताशी ५० ने येणारी गाडी त्या एका सेकंदातच जवळजवळ १४ मीटर पुढे आलेली असते. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबून उभी आहे, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागायचाच आहे! २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात चालणारे लोक आणि वाहनं जिथे एकत्र येतात तिथे ३० ची मर्यादा मागितली आहे, ती यासाठीच.

आता मोजणी. बेल्जियममधल्या लूव्हन शहरात २०१९ च्या सुमारास 'टेलराम' नावाचा प्रयोग सुरू झाला. डच भाषेत टेलराम म्हणजे मण्यांची पाटी, आणि 'राम' म्हणजे खिडकीसुद्धा. नाव अगदी नेमकं आहे, कारण हे यंत्र घराच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीला आतून चिकटवतात. एक छोटा स्वस्त संगणक आणि साधा कॅमेरा. खालून चालणारे किती गेले, सायकली किती, मोटारी किती, अवजड वाहनं किती, हे तो तासातासाला मोजतो. चित्र साठवत नाही, फक्त आकडे पाठवतो, आणि ते आकडे कोणालाही बघता येतात. आम्हाला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. रहिवासी आणि नगरपालिका एकाच आकड्याकडे बघून भांडतात! पुढे युरोपीय संघाच्या 'वी-काउंट' प्रकल्पातून हीच पद्धत डब्लिन, कार्डिफ, ल्युब्लियाना अशा शहरांत गेली.

पण यंत्र आलं म्हणजे झालं, असं नाही. पहिल्या पिढीच्या टेलरामला अंधारात दिसत नसे. बेल्जियममध्ये डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवतो, आणि मुलं त्याआधीच शाळेच्या वाटेला लागलेली असतात. म्हणजे ज्यांच्यासाठी मोजायचं, नेमकी तीच वेळ निसटते. आकडा वाचताना तो कधीचा आहे, हे आधी विचारायचं.

आपल्याकडे दुचाक्या, रिक्षा, स्कूल व्हॅन, हातगाड्या अशी सरमिसळ. त्यामुळे सुरुवात माणसांनीच करावी असं आमचं मत आहे. रस्त्याकडेला ५० मीटर मोजून दोन खुणा करा. एक जण हात खाली करतो, दुसरा मोबाइलवर वेळ घेतो. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३०, साडेचार लागले तर ४०, ३.६ लागले तर ५०. दोन पथ्यं मात्र कडक पाळा. जोरात येणारी गाडी दिसली की तीच मोजायचा मोह होतो, म्हणून दर पाचवी गाडी मोजायची असं आधी ठरवा, मग ती रखडत का जाईना. आणि रस्त्यात उठून दिसेल असं उभं राहू नका, घोळका दिसला की चालक वेग कमी करतात.

शंभर गाड्या झाल्या की वेग चढत्या क्रमाने लावा आणि ८५ वा आकडा बघा. वाहतूक अभियंते तोच बघतात. सरासरीत रखडलेल्या रिक्षा सुसाट गाड्यांना झाकून टाकतात. नंबरप्लेट टिपू नका. ब्रिटनमधल्या 'कम्युनिटी स्पीडवॉच'मध्ये स्वयंसेवक ती टिपतात, पण पोलिसांनी दिलेल्या प्रशिक्षणानंतर, आणि गाडीमालकाला पत्र पाठवतात ते पोलीसच.

आता एक अडचणीचा निकाल. शाळा भरताना मोजलं तर वेग कमीच निघण्याची शक्यता मोठी, कारण फाटकाशी कोंडी असते. कोंडी कोणाची? मुलांना सोडायला आलेल्या आपल्याच स्कूटर आणि गाड्यांची. रस्ता भीतीचा म्हणून मुलाला गाडीवर आणायचं, आणि त्या गाडीमुळे चालत येणाऱ्याची भीती वाढायची. शिवाय जे मूल चालणं सोडून बसलंय ते मोजणीत दिसतच नाही. म्हणून वर्गावर्गात 'कसे येता?' हेही विचारून घ्या. बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये यावर 'शाळा-रस्ता' हा उपाय आहे. शाळा भरताना आणि सुटताना तेवढा थोडा वेळ रस्त्यावर आडवं लावून मोटारी बंद.

वेग खरोखर जास्त निघाला तर लोक स्पीडब्रेकर मागतात. तो मागताना मापही लिहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीत उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर आहे, म्हणजे पसरट. आपल्याकडचे अरुंद उंचवटे पाठीचे मणके ढिले करतात आणि दुचाकीवाले कडेच्या फटीतून, म्हणजे मुलं चालतात तिथूनच, काढतात.

अर्जाला आकड्यांचा तक्ता, मोजणीची तारीख, वार, वेळ आणि जागेचा साधा नकाशा जोडा. काम झाल्यावर त्याच वारी, त्याच वेळी, त्याच दोन खुणांमध्ये पुन्हा शंभर गाड्या मोजा. परीक्षेचा आठवडा आणि सुट्टीचे दिवस टाळून.