विश्लेषण : कंपन्यांच्या ‘लीगल’ विभागावर ताण का वाढतोय? नुसती भरती हा उपाय आहे का?

करार तपासा, नोटिशीला उत्तर द्या, नवा कायदा समजावून सांगा, वकिलांना कागदपत्रे पुरवा... अनेक मध्यम आकाराच्या कंपन्यांमध्ये ही सारी कामे दोन-तीन माणसांवर, कधी एकाच विधी अधिकाऱ्यावर असतात. काम वाढले की ‘आणखी एक माणूस घ्या’ किंवा ‘बाहेरच्या लॉ फर्मला द्या’, अशी दोन उत्तरे दिली जातात. ती अनेकदा अपुरी का पडतात?

विधी विभाग ठेवणे कंपनीला बंधनकारक आहे का?

नाही. कंपनी कायदा, २०१३च्या कलम २०३नुसार शेअर बाजारात सूचिबद्ध कंपन्यांना, तसेच किमान १० कोटी रुपये भरणा झालेले भांडवल असलेल्या सार्वजनिक कंपन्यांना पूर्णवेळ कंपनी सचिव आणि मुख्य वित्त अधिकारी नेमावा लागतो. विधी विभागप्रमुखाबाबत या कलमात अशी सक्ती नाही. त्यामुळे विभागात किती माणसे असावीत, हे व्यवस्थापनाच्या मर्जीवर ठरते. हा विभाग थेट कमाई करत नसल्याने खर्चकपातीत त्याच्यावर कात्री चालवणे सोपे जाते.

काम इतके का वाढले?

कायदेच बदलत आहेत. २९ केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्या. नेमणूकपत्रांपासून कंत्राटदारांच्या करारांपर्यंतचे मसुदे त्यामुळे पुन्हा पाहावे लागतात. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा, २०२३चे नियमही नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. ही जबाबदारी आयटी आणि मनुष्यबळ विभागाचीही असली, तरी ‘लीगलला विचारा’ म्हणून फाइल शेवटी एकाच टेबलावर येते.

ताण वाढला तर नुकसान काय?

उशीर आणि चुकलेल्या तारखा. वाणिज्यिक दाव्यात समन्स बजावल्यापासून जास्तीत जास्त १२० दिवसांत लेखी कैफियत दाखल करावी लागते. त्यानंतर ती दाखल करण्याचा हक्कच संपतो आणि न्यायालयही मुदत वाढवू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये स्पष्ट केले. धनादेश न वटल्यास बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. या तारखा एकाच अधिकाऱ्याच्या डायरीत असतील आणि तो रजेवर गेला किंवा नोकरी सोडून गेला, तर बाजू भक्कम असूनही कंपनी अडचणीत येऊ शकते.

मग कंपनीचे वकील स्वतःच खटले का चालवत नाहीत?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९नुसार वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली की सनद स्थगित करावी लागते. त्यामुळे न्यायालयात बाजू मांडायला बाहेरचा वकील लागतोच. दुसरी मर्यादा गोपनीयतेची. कंपनीचे पगारी विधी सल्लागार न्यायालयात वकिली करत नसल्याने त्यांना वकील-अशील गोपनीयतेचे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२मधील संरक्षण मिळत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिला. म्हणजे संवेदनशील प्रकरणात बाहेरच्या वकिलाचा सल्ला कधी घ्यायचा, हेही आधीच ठरवून ठेवायला हवे.

किती माणसे हवीत, हे कसे ठरवायचे?

आधी काम मोजून. समजा, महिन्याला ६० करार येतात आणि प्रत्येकाला सरासरी तीन तास लागतात. म्हणजे १८० तास. रोज आठ तास धरले तर २२ दिवसांत एका माणसाचे १७६ तास भरतात. म्हणजे फक्त करारांतच एक माणूस पूर्ण खर्ची पडला. पण त्यातले निम्मे करार नेहमीचे असतील आणि त्यांचा मंजूर नमुना तयार असेल, तर त्यांना अर्धा तास पुरतो. मग एकूण काम १०५ तासांवर येते. नवा माणूस न घेता ७५ तास वाचले. काम न मोजता भरती केली, तर नवा माणूसही त्याच नेहमीच्या करारांत अडकतो.

कोणते काम आत, कोणते बाहेर?

वारंवार येणारे आणि कंपनीचा व्यवहार माहीत असावा लागणारे काम आत ठेवणे फायद्याचे. खटले, क्वचित येणारे विषय आणि मोठे खरेदी-विक्रीचे व्यवहार बाहेर. काम काही महिन्यांपुरतेच वाढणार असेल, तर कायम भरतीऐवजी लॉ फर्ममधील वकिलाला तेवढ्या काळासाठी कंपनीत बसवण्याचा पर्याय असतो. मात्र बाहेर दिलेल्या कामावरही देखरेख लागते. वकिलाला कागद पुरवणे, मसुदा तपासणे, बिल पडताळणे यांत आतल्या माणसाचा वेळ जातो आणि तो हिशेबात धरावा लागतो.

आहेत ती माणसे टिकवायची कशी?

सनद स्थगित करून आलेल्या तरुणाला वर्षानुवर्षे एकाच छापाचे करार तपासायला लावले, तर तो लॉ फर्म किंवा कोर्टाची वाट धरतो. त्याच्याबरोबर जुन्या प्रकरणांची माहितीही जाते. म्हणून कामांची अदलाबदल, बढतीचा स्पष्ट मार्ग आणि प्रत्येक प्रकरणाची माहिती असलेला दुसरा माणूस आवश्यक. तारखांची नोंद सर्वांना दिसेल अशा एका ठिकाणी हवी. इतर विभागांनाही शिस्त लागते : करार सहीच्या आदल्या संध्याकाळी पाठवायचा नाही, काम किती तातडीचे आहे ते लिहून द्यायचे. हे नियम विधी विभागाने कितीही सांगितले, तरी व्यवस्थापनाने पाठबळ दिल्याशिवाय ते पाळले जात नाहीत.