पाण्याची वीज आणि खोपोली

पुण्याहून मुंबईला जाताना बोरघाट उतरला की पायथ्याशी खोपोली लागते. हे रायगड जिल्ह्यातले पाताळगंगा नदीकाठचे शहर. पूर्वी ते घाटाखालचे मुक्कामाचे गाव होते. नाना फडणविसांनी तिथं तळे आणि महादेवाचे देऊळ बांधले. सन १८५६ मध्ये मुंबईची आगगाडी खोपोलीपर्यंत आली. घाटात मात्र रूळ नव्हते. लोक पालखीतून नाही तर पायी घाट चढत. पुढे १८६३ साली गाडी कर्जतवरून घाट चढू लागली आणि खोपोली बाजूला पडली.

मग या गावाला पुन्हा दिवस कशामुळं आले? पाण्यामुळं.

त्या काळी मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. कोळसा लांबून आणावा लागे आणि धूर तर विचारूच नका! इकडं लोणावळ्याला दरसाल दीडशे इंचांहून जास्त पाऊस. हे पाणी अडवून वीज करावी, असं जमशेटजी टाटांच्या मनात होतं. ते १९०४ साली वारले. त्यांच्या मुलांनी काम पुढं नेलं. १९१० साली कंपनी निघाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथं धरणे बांधली. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली.

पाण्यापासून वीज होते तरी कशी? आपण ते सोप्या रीतीने पाहू. सायकलचा दिवा आपल्याला ठाऊक आहे. चाक फिरले की त्याला टेकलेली डबी फिरते आणि दिवा लागतो. इथंही तसंच. घाटमाथ्यावरचे पाणी लोखंडी नळांतून सुमारे १,७०० फूट खाली येते. त्याचा जोर फार मोठा. तो जोर चाकावर बसतो. चाक गरगर फिरते, त्याच्याबरोबर वीज करणारे यंत्र फिरते. वीज तारांतून मुंबईला जाते.

आणि पाणी? ते संपत नाही. चाक फिरवून ते पाताळगंगेत पडते. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटतात. पाताळगंगा मात्र या पाण्यामुळं वाहती राहते. त्याच पाण्याच्या आधारावर खोपोलीपासून रसायनीपर्यंत कारखाने उभे राहिले. गावांची तहानही भागली.

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हे पाणी मुळात पूर्वेकडं, भीमेच्या खोऱ्यात जाणारे. ते पश्चिमेकडं वळवले. टाटांच्याच दुसऱ्या धरणासाठी मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. १९२१ साली तिथं सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट पुढं होते. लोक त्यांना 'सेनापती' म्हणू लागले, ते याच लढ्यापासून. त्यांना तुरुंग भोगावा लागला. तरी धरण झालेच, आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. दिवा मुंबईत लागला, चूल मात्र मावळात विझली.

वीज वाईट नाही. ती आपल्याला हवीच. रात्री याच उजेडात आपण धडा वाचतो. पण धरणाला ज्याची जमीन जाते, त्याला पुरता मोबदला आणि नवे घर आधी मिळाले पाहिजे. कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी त्यावर काय लिहिलंय, ते त्याला वाचता आले पाहिजे. आपण अक्षरे शिकतो, ती एवढ्यासाठीसुद्धा.