मनाची निगा – भाग ७ : नदी चढते त्या दिवसांत

गेल्या भागात आपण ताण आल्यावर शरीरात काय घडते ते पाहिले. अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, छाती धडधडते, श्वास उथळ होतो, मान-खांदे ताठरतात. घटकाभराच्या संकटात ही तयारी कामी येते. संकट आठवडाभर दारात ठाण मांडून बसले, तर तीच तयारी माणसाला झिजवते.

असा ताण समजून घ्यायला सिरोंच्याकडे पाहावे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा तालुका. इथे प्राणहिता गोदावरीला मिळते आणि पुढे सोमनूरला इंद्रावती. समोरच्या काठावर तेलंगण, आणि २०१९ पासून गोदावरीवर ८५ दरवाजांचा मेडीगड्डा बंधारा. जुलै २०२२ च्या पुरात नदीकाठची गावे आणि शेते पाण्याखाली गेली. पाणी ओसरले तरी दुबार पेरणीचा खर्च, पंचनामा आणि मदतीची वाट पाहणे उरतेच. ज्याने हे भोगले, त्याला ‘काळजी करू नका’ असे सांगण्यात अर्थ नाही. कारण खरे आहे, म्हणून काळजीही खरी आहे. पण कारण खरे असतानाही शरीराला उसंत देता येते आणि उसंत मिळालेले डोके निर्णय नीट घेते.

काळजीची वाटणी करा

एका कागदावर दोन रकाने पाडा. एकात आपल्या हातातले लिहा : सातबारा, आधार, बँकेचे पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधणे, बीपी-शुगरच्या गोळ्या आणून ठेवणे, जनावरे उंचवट्यावर नेणे. दुसऱ्यात आपल्या हातात नसलेले : पाऊस, बंधाऱ्याचे दरवाजे, मदतीची तारीख. पहिल्या रकान्यातले एक काम आजच करा. हात कामाला लागले की असहायता कमी होते. दुसऱ्या रकान्यासाठी दिवसातल्या दोन वेळा ठरवा आणि पाण्याची पातळी तेव्हाच तहसील किंवा ग्रामपंचायतीकडून विचारून घ्या. गाव हलवण्याचा इशारा आला तर अर्थातच त्या क्षणी निघा. पण रात्रभर मोबाईलवर फिरणारे जुन्या पुराचे व्हिडिओ पाहून हाती काही लागत नाही, झोप मात्र जाते.

श्वास लांबवा

पाठ टेकून बसा. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, सहा आकडे मोजत हळूहळू सोडा. पाच मिनिटे पुरेत. सोडलेला श्वास लांबला की व्हेगस मज्जातंतूच्या मार्फत हृदयाची गती मंदावते. चक्कर आल्यासारखे वाटले तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. याच जिल्ह्यात शोधग्राम उभारणाऱ्या डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये हृदयविकार झाला. त्यातून सावरताना आहार आणि चालण्याबरोबर योग व ध्यानाचाही त्यांना कसा उपयोग झाला, ते ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात सविस्तर आले आहे.

खर्रा हा उतारा नाही

‘टेन्शन आलं की खर्रा लागतोच,’ असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. खर्ऱ्यातल्या तंबाखूच्या निकोटीनने नाडी आणि रक्तदाब वाढतात. त्याचा अंमल उतरला की चिडचिड आणि बेचैनी सुरू होते. पुढच्या खर्ऱ्याने ती बेचैनी शमते आणि माणसाला वाटते, ताण गेला. मुळात ती बेचैनी आधीच्याच खर्ऱ्याने आणलेली असते. एकदम सुटत नसेल तर तलफ आल्यावर दहा मिनिटे थांबा, पाणी प्या, चार पावले चाला. बहुतेक वेळा तलफेचा जोर तेवढ्यात ओसरतो. जिल्ह्यात २०१६ पासून चालू असलेल्या मुक्तिपथ अभियानाचे कार्यकर्ते दारू-तंबाखू सोडायला मदत करतात, त्यांना जरूर भेटा.

बोला, आणि बोलू द्या

संध्याकाळी शेजारी टेका. घरातल्या मोठ्या माणसाने ‘मलाही भीती वाटते’ असे म्हटले की पोरांनाही बोलायला धीर येतो. समोरचा बोलत असताना उपाय सांगायची घाई करू नका, आधी पूर्ण ऐकून घ्या.

केव्हा मदत घ्यावी?

दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, असे असेल तर घरगुती उपायांवर थांबू नका. सिरोंच्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. रस्ता बंद असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीबरोबर तेलुगूतही बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका, त्याच्याजवळ बसूनच फोन लावा.

पुढच्या भागात मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या घरांतल्या ताणाविषयी पाहू. तोवर या आठवड्यात दोनच गोष्टी करा : रोज पाच मिनिटे लांब श्वास, आणि १४४१६ हा क्रमांक घरातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये.