आधी गाव सांगा, मग विचारा

मंडणगडच्या एसटी स्टँडवर ‘बाणकोटची गाडी गेली का?’ असं विचारलं की उत्तराच्या आधी प्रश्न येतो, ‘बाणकोटला कुणाकडे?’ नव्या माणसाला या भोचकपणाचा राग येतो. पण श्रीवर्धनकडे निघालेल्याला फेरीबोटीसाठी वेसवीलाच उतरायला सांगावं लागतं आणि वेळासला जाणाऱ्याला परतीच्या गाडीचं सांगावं लागतं. माणूस कशासाठी आलाय हे कळल्याशिवाय नुसतं ‘गेली’ किंवा ‘यायचीय’ म्हणणं इथल्या लोकांना अर्धवट वाटतं. थोडा भोचकपणा त्यात असतोच, नाही असं नाही.

मंडणगड तालुक्यात विचारणं हे एक कामच आहे, आणि ते करायची रीत ठरलेली आहे. आधी गाव, मग वाडी, मग मुंबईला कोण असतं, आणि या सगळ्यानंतर मूळ गोष्ट. चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला आला की त्याचाही असाच समाचार घेतला जातो. मग तोही आपले प्रश्न काढतो. बंद घराच्या कौलांखाली वाळवी लागलीय, काय करू? सातबाऱ्यावर काकांचं नाव अजून तसंच आहे, तलाठ्याकडे जाऊ की तहसीलला? दहा जण दहा सल्ले देतात. त्यातला जाणता बहुतेक शेवटी बोलतो, तेही ‘मी केलं होतं ते सांगतो’ अशी सुरुवात करून.

असा एक जाणता मी पोफळीच्या बागेत पाहिला. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ बाणकोटच्या खाडीपलीकडे श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्याला धडकलं आणि मंडणगड-दापोलीतल्या माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. नव्याने लावलेली पोफळ धरायला पुढे कित्येक वर्षं जातात, म्हणून तेव्हा प्रत्येक जण प्रत्येकाला विचारत होता. रोपं कुठून आणायची? श्रीवर्धनी रोठाच लावू की दुसरी जात? कललेलं आंब्याचं कलम दोर लावून उभं करू की तोडून टाकू? वाचलेल्या झाडांचा प्रश्न वेगळाच होता. पावसाळ्यात कोवळी सुपारी देठाजवळ काळपट पडून टपाटपा गळते. हा कोळेरोग. तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, म्हणून त्याची चौकशी करताना शेजारीही कान देऊन ऐकतो.

उपाय पुस्तकात आहे, बोर्डो मिश्रण: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. पण पुस्तक वाचून केलेलं मिश्रण पुष्कळदा बिघडतं. आमच्या या बागायतदार काकांनी विचारायला आलेल्या तरुणाला उत्तर दिलंच नाही, प्लॅस्टिकची दोन पिंपं आणून ठेवायला सांगितलं. ‘लोखंडी नको, मोरचूद खातं त्याला.’ एका पिंपात निळं पाणी, दुसऱ्यात चुन्याचं गाळलेलं द्रावण. मग दोन्ही धारा एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात सोडल्या आणि काठीने ढवळत राहिले. रंग आकाशी झाला. तरुण फवारायला निघाला तेव्हा काकांनी त्याला थांबवून स्वच्छ घासलेली सुरी त्यात बुडवली आणि थोड्या वेळाने बाहेर काढली. पात्यावर तांबूस थर आला होता. म्हणजे मोरचूद जास्त, पानं करपणार. अजून चुना घातला, पुन्हा सुरी बुडवली. पातं कोरं निघालं तेव्हा म्हणाले, ‘आता मार. आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी मारायचं असतं, हे पुढच्या वर्षी लक्षात ठेव.’ दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ हेच सांगतं. पण दापोलीला जायला एक दिवस मोडतो, आणि काका बांधापलीकडे आहेत.

बांधापलीकडे असणं हीच अडचणही आहे. कर्ज, सुनेशी न पटणं, मूल न होणं असलं काही इथे विचारलं की संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. अशा प्रश्नांसाठी लोक देवळात जातात. गुरव पाषाणावर फुलाच्या कळ्या किंवा ओले तांदूळ लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट पाहतात. उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. इथे ‘माझ्या मनातलं काम’ एवढंच म्हणूनही कौल मागता येतो. देवाला वाडी विचारावी लागत नाही, ही केवढी सोय! कौलावर माझा विश्वास नाही. पण नकार आल्यावर घाईचा निर्णय चार महिने पुढे गेला आणि बरं झालं, असं सांगणारी माणसं मला भेटली आहेत.

रिकामटेकड्या कुतूहलाचा बाजार पाहायचा तर वेळासला जावं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने 2002 मध्ये तिथे कासवांच्या अंड्यांचं संरक्षण सुरू केलं. आता ऑलिव्ह रिडलेची पिल्लं पाहायला उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाहुणे येतात आणि ज्या घरी उतरतात तिथल्या बाईला जेवताना प्रश्नांनी भंडावतात. आई परत येते का? नर कुठले, मादी कुठली? ती भाकरी थापता थापता सांगते की आई येत नाही, घरट्यात एका वेळी शंभरेक अंडी असतात, आणि वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात. पूर्वी हीच अंडी खाल्ली नि विकली जायची, हेही ती लपवत नाही. बायकांना एवढं ठाऊक असतं, तरी वाडीच्या बैठकीत पाण्याच्या टाकीबद्दल त्यांना कुणी विचारत नाही. उन्हाळ्यात हंडा मात्र त्याच वाहतात.

मंडणगडात कुणाला काही विचारलंत तर एक कराच. सल्ल्याचं पुढे काय झालं ते त्या माणसाला जाऊन सांगा, फसला असेल तरी. पुढच्याला सांगताना त्याला ते लागतं.